मामा-भाच्याचा तराफा

मामा आणि भाच्यानं एका नावेत बसू नये. गंगाथडीच्या कुठल्याही गावात विचारा, शेंबडं पोरही हे सांगेल. का, असं विचारलं की मात्र ज्याचं त्याचं उत्तर वेगळं. कुणी कधीकाळी बुडालेल्या मामा-भाच्याची गोष्ट सांगतं, कुणी डोहातल्या आसरांवर ढकलतं. माझ्या आईचं उत्तर सगळ्यांत सरळ होतं. ती म्हणायची, एकाच बाईचा भाऊ आणि लेक एका वेळी पाण्यावर नसावेत. नावाड्याची लेक होती ती. पाण्याबद्दल कमी बोलायची आणि मोजून बोलायची.

म्हणून मामानं मला पोहायला शिकवलं, वल्हं मारायला शिकवलं, धार कुठं आणि भोवरा कुठं हे पाण्याच्या कातडीवरून ओळखायला शिकवलं. पण तो पाण्यात गेला की मी काठावर, आणि मी गेलो की तो काठावर. ओरडून शिकवायचा. आमच्या दोघांच्या मध्ये कायम थोडी नदी असायची.

मी आष्टीचा. महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ. बीडची आष्टी तालुक्याचं गाव म्हणून ठाऊक असते, वर्ध्याची बेचाळीसच्या लढ्यामुळे पुस्तकात गेली. आमची जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. तिचं नाव कशासाठी घ्यावं असं फारसं काही घडलं नाही, आणि आम्हालाही त्याचं काही वाटत नाही. परतूरहून माजलगावकडे जाणारा रस्ता, बाजार, जिनिंगला निघालेला कापूस, उसाच्या गाड्या, एवढ्यात गाव पुरतं. आजोळ तिथून दक्षिणेला. काळ्या रानातून रस्ता उतरत जातो, तुरी-कपाशी मागं पडतात, ऊस लागतो आणि हवेला ओल येते. मग गंगा. गोदावरी म्हणून तिला तिथं कुणी हाक मारत नाही.

आज्याची नाव सागवानी होती. सुगी झाली की प्रत्येक खळ्यावरून त्याला पायली-दोन पायली जोंधळा मिळायचा आणि त्या जोंधळ्यात वर्षभर सगळं गाव नदी उतरायचं. वऱ्हाडं, बाळंतिणी, शेळ्या, तहसिलीला निघालेले म्हातारे, पलीकडच्या मळ्यात खुरपायला जाणाऱ्या बाया. बैलं नावेत घेत नसत. ती पोहत यायची आणि गडी त्यांच्या शेपट्या धरून. आज्यानं नाव चालवली तेव्हा गाव परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, परतूर तालुका परभणीतून निघून त्यात आला, आणि मामा जालना जिल्ह्याचा नावाडी झाला. नाव बांधायचा दगड तोच राहिला. पलीकडचा काठ तेव्हाही बीडचा, आजही बीडचा. नदीच्या मध्यावर कुठंतरी एक जिल्हा संपून दुसरा लागतो. तिथं पोचला की मामा वल्हं वर धरून मला हाळी द्यायचा, "भाचेबुवा, मी बीडात गेलो!" मी काठावरून हात हलवायचो. परदेशी चाललेल्या माणसाला निरोप द्यावा तसा.

या नदीनं उतार दिला की राज्यं हलली आहेत. आमच्या वरच्या अंगाला, बीडच्या काठावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवरावांनी तिथं निजामाची फौज कापली. निजामअली निम्मी फौज घेऊन गंगा उतरून गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला होता, आणि नदी पावसाळ्याची. दिवाण पडला. पलीकडच्या निम्म्या फौजेला काही करता आलं नाही. शाळेत हे पेशव्यांचा पराक्रम म्हणून शिकवतात, तो होताच. पण मामाला ही हकिगत सांगितली तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "नावा किती होत्या?" सेनापतीनं तोच विचारायला हवा होता. पुढं चाळीस वर्षांनी वेलस्ली नगर घेऊन गंगा उतरला तो वेताबांबूच्या टोपल्यांवर जनावराचं कातडं मढवून केलेल्या नावांतून, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्या-भोसल्यांशी लढला. ते असईही आज आमच्याच जिल्ह्यात आहे. आत हवा, बाहेर पाणी, मध्ये कातडं, लाकूड नाहीतर पत्रा. प्रयागच्या कुंभात लोखंडी पिंपांवर अख्खे पूल तरंगतात, लाखो लोक त्यावरून चालत जातात. खाली तत्त्व तेच. आमच्याकडं पोरं वाळलेले भोपळे कमरेला बांधून पोहायला शिकायची, तेही तेच.

आज्याच्या नावेचा शेवट मात्र लढाईनं केला नाही, पुरानंही नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पायाचा दगड बसवला आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. २७ दरवाजे, दहा किलोमीटरच्या आसपास लांब भिंत, मागं नाथसागर. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना-परभणीच्या रानांतून जाणारा. त्या पाण्यानं आमच्याकडं ऊस आला, पक्की घरं आली, पोरं शिकली, मीही त्यातलाच. धरणाला शिव्या देणं मला जमत नाही आणि शोभणारही नाही. पण त्या दिवसापासून नदीचं पाणी नदीच्या मनानं यायचं बंद झालं. ते सुटायला लागलं, म्हणजे सोडलं तर यायला लागलं. लाकडाच्या नावेला हे चालत नाही. लाकूड ओलं राहिलं तर टिकतं, कोरडं राहिलं तरी टिकतं. वर्षातून चार वेळा ओलं-कोरडं झालं की सांधे उघडतात. आज्याची नाव अशी उघडत गेली. शेवटी ती गोठ्याच्या आढ्याला टांगली, म्हातारा खाली बाजेवर झोपायचा आणि वर बघायचा.

मामानं मग टिपाडांचा तराफा केला. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळायला निघालेल्या भंगारातून दोनशे लिटरची आठ टिपाडं त्यानं निवडून आणली, काही डिझेलची, काही डांबराची. चार-चारच्या दोन रांगा, वर बाभळीच्या बल्ल्यांची चौकट, आणि चौकटीवर आज्याच्या नावेच्या सागवानी फळ्या. नदीवर आडवा दोर बांधलेला असायचा. वल्ह्यापेक्षा दोर ओढतच तराफा न्यायचा. त्यावर त्यानं उसाची बेणी नेली, कापसाची बोंदरं नेली, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या पोरी नेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, पैठणात घरं बुडाली, तेव्हा तो तराफा चिंचेला बांधून रात्रंदिवस तिथंच राखण बसला होता. मोडला असता तर दुसरा करायला पैसा नव्हता.

पुढं नदीवर बंधारे झाले. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. दरवाजे लावले की पाणी मैलोन् मैल मागं तुंबतं. पूर्वी दिवाळी झाली की धार आखडायची, वाळू उघडी पडायची आणि माघ-फाल्गुनात माणसं धोतर गुडघ्यावर घेऊन चालत पलीकडं जायची. मामाला असे उतार पाठ होते. कुठं चिंचेच्या सरळ रेषेत, कुठं म्हसोबाच्या उजव्या अंगानं, कुठं फक्त बाईमाणसानं जावं असा सपाट, कुठं बैलगाडी चालेल असा खडकाचा. बंधाऱ्यांनी ते सगळे पाण्याखाली गेले. पाऊस चांगला झाला तर नदी तुंबून राहते, नाही झाला तर ठणठणीत. म्हणजे कधी चालत जाता येत नाही आणि कधी नाव चालत नाही. मधली जी नदी होती ती गेली.

आणि वाळू गेली. पैठणच्या वाळवंटात उन्हानं पोळून रडणारं पोर एकनाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट सांगत आम्ही मोठे झालो. ते वाळवंट आता हायवांत भरून शहरांच्या स्लॅबमध्ये गेलं आहे. ट्रॅक्टरला केनी लावून तळ खरवडायचा, इंजिनाच्या बोटीनं खोल पाण्यातून वाळू ओढायची, तराफ्यावर ती काठाला आणायची. महसूलची पथकं येतात, बोटी जिलेटिननं उडवतात, तराफे पेटवून देतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, आठवड्यानं नवा तराफा येतो. मामा या बातम्या मला वाचून दाखवायला लावायचा. त्याला धास्ती एकच, आपलाही त्यांच्यातलाच समजतील. म्हणून त्यानं पुढच्या टिपाडावर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं होतं, "वाळूसाठी नाही". अक्षर माझं.

२०१९ चा उन्हाळा. जायकवाडी मृतसाठ्यात गेली होती. गंगेचं पात्र भेगाळलेलं, आणि त्यात मधोमध तराफा एका अंगावर कलंडलेला, जिथं शेवटचं पाणी आटलं तिथंच. मामा सत्तरीला टेकला होता. मला फोन आला तो तराफ्यासाठी नव्हे, "आंबे उतरवलेत, ये" म्हणून. गेलो तर आंबे नव्हतेच. अंगणात तारेचे ब्रश, रेडऑक्साइडचा डबा आणि डांबराचं अर्धं पिंप मांडून ठेवलेलं. मामी म्हणाली, "बघा तुमचा मामा. पाण्याचा पत्ता नाही अन् नाव बांधाया निघाला."

बैलगाडीनं टिपाडं वर आणली. नटांना इतका गंज की पाना चालेना. मामानं त्यांच्यावर रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी एकेक सुटला, एक-दोन छिन्नीनं तोडावे लागले. चौकट वेगळी झाली आणि टिपाडं उघडी पडली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की गंज सगळीकडं सारखा नसतो. टिपाडाचा बुडालेला भाग बरा होता. वरचा कोरडा भागही बरा. मध्ये, जिथं पाण्याची रेघ असते, तिथं चार बोटांचा पट्टा पापुद्र्यासारखा सुटून आलेला. मामानं त्यावर अंगठा फिरवला.

"पाणी एकटं लोखंड खात नाही, भाचेबुवा. हवाबी एकटी खात नाही. दोघं मिळून खातेत."

हे रसायनशास्त्रात मी मार्कांसाठी पाठ केलं होतं.

आम्ही दोघं एकेका टिपाडाच्या दोन बाजूंना बसायचो. तो डावीकडून घासत यायचा, मी उजवीकडून. मधल्या शिवणीवर ब्रश एकमेकांना लागायचे. बोलणं फार नाही. बोललाच तर अर्धं वाक्य, उरलेलं घासण्यात जायचं. त्या दिवसांत त्यानं मला आज्याबद्दल जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या सगळ्या सुट्ट्यांत मिळून सांगितलं नव्हतं. हात कामात असले की आमच्या माणसांची जीभ सुटते. समोरासमोर बसवलं की ती गप्प. आज्याला पोहता यायचं नाही, हे मला त्या टिपाडाच्या पलीकडून कळलं. आयुष्यभर नाव चालवली आणि पोहता यायचं नाही. "गावाला म्हाईत नव्हतं," मामा म्हणाला, "म्हाईत असतं तर कुणी बसलं असतं का?" आणि पुन्हा घासायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणून मला लहानपणीच ढकलला त्यानं डोहात."

भोकं पडलेली टिपाडं ट्रॉलीत घालून आष्टीला आणली. वेल्डिंगवाल्यानं डिझेलचा वास घेतला आणि हात जोडले. रिकाम्या टिपाडात तेलाची वाफ राहते, ठिणगी पडली की बॉम्ब. उपाय एकच, टिपाड तोंडापर्यंत पाण्यानं भरायचं, वाफेला जागाच ठेवायची नाही, आणि वरच्या अंगाला भोक येईल असं टेकवून मग टाका घालायचा. गावात टँकर चालू असताना दोनशे लिटर पाणी मागायचं कुणाच्या तोंडानं? मामानं तोड काढली. एकाच पाण्यावर सगळी टिपाडं. एकाचं काम झालं की तेच पाणी पाइपानं दुसऱ्यात. शेवटी उरलेलं काळपट पाणी त्यानं दुकानासमोरच्या लिंबाला घातलं. वेल्डिंगवाल्यानं पैसे कमी घेतले. मामानं ते मानलं नाही, वाद घालून पुरे दिले.

गळती तपासायची तर टिपाड पाण्यात बुडवायचं असतं. पाणी नव्हतं. मग बुचात ट्यूबचा वॉल बसवला, सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरली आणि शिवणीवर साबणाचा फेस फिरवला. जिथं बुडबुडा फुगेल तिथं खडूची फुली. मामाची नजर गेलेली, फुल्या मी मारायचो; पण बुडबुडा यायच्या आधीच तो कान लावून सांगायचा, "हितं बोलतंय." मग एमसील, मग रेडऑक्साइडचे दोन हात, वाळल्यावर तापवलेलं डांबर. डांबराचा वास कपड्यांना इतका बसला की मामीनं आम्हाला जेवायला ओसरीवर बसवलं.

वजनाचा हिशोब मी वहीत करून दाखवला. दोनशे लिटरचं टिपाड पूर्ण बुडालं तर दोनशे किलो पेलतं. त्याचं स्वतःचं वजन वीस किलो धरा. आठांचं एकशे साठ, चौकट आणि फळ्या अडीचशे. मामाचा नियम होता की टिपाड निम्म्याच्या वर बुडू द्यायचं नाही. म्हणजे आठशेतून हे चारशे दहा वजा केले की राहतात तीनशे नव्वद. सहा माणसं, किंवा एक मोटारसायकल आणि चार माणसं. मामानं वही परत केली. "सहाच घेतो मी पैल्यापासून," म्हणाला. त्यानं हे कुठल्या गणितानं काढलं होतं कोण जाणे. इतक्या वर्षांत त्याच्या हातून माणूस गेलं नव्हतं, हा त्याचा ताळा.

बाभळीच्या बल्ल्या दोन नव्या घातल्या. दोर नायलॉनचा आणला. मामानं तो हातावर घेऊन तोंड वाकडं केलं, त्याला अंबाडीचं चऱ्हाट हवं होतं, पण अंबाडी आता भाजीपुरतीच लावतात. फळ्या मात्र त्याच. सागवानाला आतून काही झालं नव्हतं. घासल्यावर मधासारखा रंग वर आला. एका फळीवर आज्यानं कोरलेल्या खुणा होत्या, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या. ती फळी मामानं मधोमध बसवली.

फळ्या ठोकून झाल्या तेव्हा मी त्याला म्हणालो, मामा, नेम नावेला आहे, हा तराफा आहे. आपण दोघं बसलो तर काय बिघडतं? तो हसला. त्यानं बोटानं फळ्या वाजवल्या.

"फळ्या नावेच्या हायेत."

जुलै कोरडा गेला. मग नाशिककडं धो धो पाऊस झाला आणि आमच्याकडं ढगही नसताना ऑगस्टमध्ये जायकवाडी भरत आली. मराठवाड्यात पेरण्या वाळत होत्या आणि गंगेला लोंढा होता, दुसऱ्या जिल्ह्याच्या पावसाचा. तराफा उचलला गेला तेव्हा आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात त्याला धरून उभे होतो. टिपाडं आधी चिखलातून सुटली, मग एका बाजूनं हलली, मग सगळा तराफा सपाट झाला. पाण्याची रेघ टिपाडांच्या निम्म्याच्याही खाली. मामा वर चढला, दोर धरला. मी मागं सरून काठावर गेलो. मध्यावर पोचल्यावर हाळी आली. वारा उलटा होता, शब्द कळले नाहीत, पण मला ते ठाऊकच होते.

त्या वर्षी त्यानं पलीकडच्या मळ्यांत जाणारे शेतकरी नेले, बाया नेल्या. पोरं बहुतेक मोटारसायकलवरून लांबच्या पुलानं जायची. काही जण थर्माकोलचे तुकडे गोणीत कोंबून केलेल्या चप्पूवर बसून जायचे. मामा त्यांना काठावरून शिव्या घालायचा. पुलानं फेरा पडतो, चप्पूनं जीव पडतो, असं त्याचं म्हणणं. चप्पू उलटून माणसं गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दर पावसाळ्यात येतात, आणि प्रत्येक बातमीत पलीकडं शेत असतं नाहीतर शाळा.

मामा २०२२ च्या माघात गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही. नावाड्याला असं कोरड्यात, बाजेवर मरण यावं याचं गावाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्यानं मामीजवळ बोलून ठेवलं होतं, निम्मी इकडं सोडा, निम्मी बीडात. मामाचा मुलगा चाकणला कंपनीत. काठावरचे विधी त्यानं केले. मध्यावर जायची वेळ आली तेव्हा तो तराफ्याकडं बघून थांबला आणि मडकं माझ्या हातात दिलं. म्हणाला, दादा, तुला हा चालतो.

मी पाय उचलला आणि मागून एका म्हाताऱ्यानं हटकलं. मामा-भाचे हायेत. एका तराफ्यावर कसं चालंल? दुसरा म्हणाला, राख म्हणजे मामा का? तिसरा म्हणाला, मग काय? सावडून आणलेल्या राखेला नातं असतं की नसतं यावर गंगेच्या काठी, मडकं माझ्या हातात असताना, चांगली चर्चा झाली. कुणी हसलं नाही. मलाही ते वावगं वाटलं नाही. ज्या गावात आयुष्यभर एक नेम पाळला, त्या गावानं तो मोडताना विचारपूस करावी हे बरोबरच होतं.

मग आई पुढं आली. तिचाच नेम होता तो. तिचा भाऊ आणि तिचा लेक. तिनं मडक्यावर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "जाऊ द्या त्याला. पाण्यावर जाणारा आता एकच हाय."

मी बसलो. मडकं मधल्या फळीवर, आज्याच्या खुणांवर ठेवलं आणि दोर ओढायला लागलो. टिपाडं कोरडी ठणठणीत होती, एकही बोलत नव्हतं. निम्मी राख अलीकडं सोडली. मध्य ओलांडला, उरलेली पलीकडं सोडली. हाळी द्यावी असं वाटलं. दिली नाही, ती द्यायचा हक्क त्याचा.

तराफा अजून आहे. मामाच्या पोरानं तो भावकीतल्या एका मच्छीमाराला दिला, तो जाळी टाकायला वापरतो. पुढच्या टिपाडावरची अक्षरं मी दरवर्षी रंगवतो. दर दोन उन्हाळ्यांनी पाण्याच्या रेघेवर घासून नवा रेडऑक्साइड द्यावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूला बसायला कुणी लागतं. माझा भाचा येतो. त्याला पोहता येतं, हे मी आधी तपासून घेतलं आहे. तराफा दुरुस्त होतो. नदी आम्हा कुणाच्या हातानं होत नाही.

तुमचं आजोळ गंगाथडीला असेल तर या सुट्टीत एक वही घेऊन जा. नावाड्यांच्या घरी जा आणि उतार लिहून घ्या: कुठून कुठं, कुठल्या झाडाच्या रेषेत, कुठल्या महिन्यात, किती पाण्यात. ते आज बंधाऱ्याखाली आहेत हे खरं, तरी लिहून घ्या. ज्यांना ते पाठ आहेत त्यांतला सत्तरीच्या अलीकडचा माणूस मला अजून भेटलेला नाही.